मानधनाची मिसल

ज्याने आपली उमर महसूल खात्यात दाखले देण्यात घालविली आहे, त्याच्या ठायी जगातील प्रत्येक गोष्टीचा कोठे ना कोठे दाखला असतो आणि तो देणारे एखादे कार्यालयही असते, अशी जी एक श्रद्धा दृढमूल होऊन बसते, ती सेवानिवृत्तीच्या हुकुमानेही संपुष्टात येत नाही. आणि म्हणूनच बुलढाण्याच्या कचेरीतून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झाल्यावर, उरलेले आयुष्य साहित्यसेवेत आणि शक्य तर सशुल्क साहित्यसेवेत घालवावे असे जेव्हा माझ्या मनात आले, तेव्हा लेखकांना रोख पैसे देणाऱ्या मराठी मासिकांची एक अधिकृत यादी कोणत्या तरी दप्तरी दाखल असणारच, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

नोंदींच्या बाबतीत आमचा जिल्हा काही दरिद्री नाही. लोणारला उल्का कोसळून जे विवर झाले त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर भरतो, याची नोंद आहे. शेगावी श्रीगजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले तो दिवस 23 फेब्रुवारी 1878 हा होता, याची आहे. जलंबहून खामगावास जाणारी आगगाडीची इवलीशी फाटी लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत 1870 साली खुली झाली, हीही आहे. खामगाव–जालना मार्गाची नोंद तर सर्वेक्षणाच्या सदरात इतकी वेळ झाली आहे की, तो मार्ग प्रत्यक्षात झाल्यास कागद ठेवावयाचे कोठे, हा एक स्वतंत्र प्रश्न उपस्थित होईल. परंतु अमुक मासिक लेखकास पानामागे अमुक रुपये देते आणि तमुक मासिक मुळीच काही देत नाही, एवढी साधी बाब नमूद असलेला कागद तेराही तालुक्यांत कोठे सापडेना. ग्रंथालयात विचारले तर ग्रंथपालांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की, मी वर्गणी थकविलेला सभासद असतो तरी इतका ओशाळलो नसतो.

तेव्हा मूळ कागद तपासावे या कचेरीतील नियमास अनुसरून मी मासिकेच उघडली. मासिकाच्या पहिल्या पानावर, अथवा जेथे कोणाचीही नजर जाणार नाही अशा दुसऱ्या एखाद्या पानावर, एक बारीक टायपातील चौकट असते. तीत अंकाची किंमत असते, वार्षिक, द्वैवार्षिक आणि तहहयात अशी वर्गणीची त्रिविध प्रतवारी असते, मुद्रक आणि मालक यांची नावे असतात, अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही असा इशारा असतो. आणि जाहिरातींचे दर तर मलपृष्ठ, आतील रंगीत पान, साधे पान, अर्धे पान, पाव पान असे दिलेले असतात की आमच्या जमाबंदीच्या तक्त्यानेही लाजावे. नसतो तो फक्त लेखकाचा दर. याची संगती लावीत मी पुष्कळ दिवस बसलो होतो आणि शेवटी माझ्या ध्यानात आले की, संपादकांच्या दृष्टीने यात विसंगती अशी मुळी नाहीच. ज्याला मासिकाच्या पानावर जगाला काही सांगावयाचे असते त्याने त्या पानाचे पैसे मोजावेत, हे तत्त्व जाहिरातदाराने मान्य केलेले आहे. लेखकालाही जगाला काही सांगावयाचेच असते. अशा स्थितीत त्याच्याकडून पानाचे पैसे न घेणे हीच एक मोठी सवलत आहे, आणि काही संपादक ती सवलतदेखील देत नाहीत.

या व्यवहाराचा हंगाम मृगाबरोबर सुरू होतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्या दिवसापासून महाराष्ट्रात खरीप पिकांत एका पिकाची भर पडली, इकडे शेतकरी तिफणीची डागडुजी करू लागला की तिकडे संपादक आवाहन काढू लागतात. अशा आवाहनांचा मी एक गठ्ठाच बांधून ठेवला आहे. साहित्य दर्जेदार असावे, पूर्वप्रसिद्ध नसावे, युनिकोडमध्ये टंकलिखित असावे, शब्दमर्यादा काटेकोरपणे पाळावी, सोबत अल्प परिचय आणि हसतमुख छायाचित्र जोडावे, अशी एकामागून एक कलमे येतात. आणि लेखकाची हकीकत, चारित्र्य व मुद्रा यांची याप्रमाणे पूर्ण रुजुवात झाल्यावर अगदी शेवटी, ‘निवड झालेल्या साहित्यिकांस अंक सप्रेम भेट पाठविण्यात येईल’, असे एक वाक्य येते. काही आवाहनांत त्याखाली टपालखर्चाची रक्कमही दिलेली असते. हसतमुख छायाचित्र आधीच का मागवून घेतात, ते हे वाक्य वाचल्यावर समजते.

आमच्या सौभाग्यवतींनी हा गठ्ठा एकदा चाळला आणि, “अहो, यांना तुमच्याकडून काय काय पाहिजे ते सगळं लिहिलंय, तुम्हांला काय पाहिजे हे कुणी विचारलंय का?” एवढाच शेरा मारून तो परत माझ्या टेबलावर ठेवला. शेरा मार्मिक होता. कचेरीत असत्या तर माझ्या आधी बढतीस पात्र ठरल्या असत्या.

विलायतेत या प्रश्नाचा निकाल फार पूर्वीच लागलेला आहे. लंडनला 1906 सालापासून लेखक आणि चित्रकार यांच्यासाठी एक वार्षिक पुस्तक निघते, त्यात कोणत्या नियतकालिकाला काय हवे असते आणि पत्रव्यवहार कोणाशी करावा हे मांडलेले असते. अमेरिकेत 1921 साली ‘रायटर्स मार्केट’ नावाचा जो ग्रंथ सुरू झाला, त्यात तर शब्दामागे किती सेंट मिळतील तेही सांगितलेले असे. शब्दामागे दर, ही कल्पना प्रथम वाचली तेव्हा मला अतिशय मोह पडला. परंतु हिशेब करू लागताच ती मराठी लेखकास, विशेषतः माझ्यासारख्या समासप्रिय लेखकास, किती घातक आहे हे दिसून आले. ‘सकलजनमनोरंजनार्थ’ असे मी लिहितो तेव्हा एका शब्दाचे पैसे मिळणार, आणि ‘सगळ्या लोकांच्या मनाचे रंजन व्हावे म्हणून’ असे एखाद्या नवशिक्याने लिहिले की त्याला तेवढ्यातच सहा शब्दांचे मिळणार. हा दर आपल्याकडे पूर्वीच रूढ झाला असता तर मराठीतील सारा समास एका पिढीत सुटून गेला असता. लेखकाला काहीही न देण्याच्या धोरणाने आमच्या भाषेच्या घट्ट विणीचे केवढे संरक्षण केले आहे, याची जाणीव मात्र कोणी ठेवीत नाही.

छापील यादी नाही, तेव्हा तोंडी पुराव्याकडे वळणे प्राप्त होते. खामगावी मराठीचे एक निवृत्त गुरुजी राहतात. वऱ्हाडातील कोणत्या लेखकाला कोणत्या संपादकाने कधी काय दिले, आणि त्याहून अधिक म्हणजे कधी काय दिले नाही, याचे ते चालते-बोलते दप्तर आहेत, असे कळल्यावरून मी बोथ्याच्या घाटाने खामगाव गाठले. गुरुजींच्या ओसरीवर बसले की समोर बाजार समितीकडे जाणाऱ्या सोयाबीनच्या गाड्या दिसत. माझा प्रश्न ऐकून घेऊन त्यांनी त्या गाड्यांकडे बोट केले.

“अव्वल कारकून साहेब, हे सोयाबीन पाहा. सरकारने याला 2025-26 सालासाठी क्विंटलमागे 5,328 रुपयांचा हमीभाव दिला आहे. पण खरेदी केंद्रावर गेले की प्रथम दाण्यात ओलावा किती हे पाहतात. बारा टक्क्यांच्या वर भरला की माल परत. तुमच्या लेखाचेही तसेच. दर विचारलात की संपादकाला तुमच्या लेखात ओलावा दिसू लागतो. दर विचारला नाहीत तर तोच लेख खडखडीत वाळलेला निघतो.”

“म्हणजे विचारूच नये?”

“विचारा की! पण उलट्या टोकाने. मासिक काय देते ते विचारू नका. आपल्या जिल्ह्यातला लेखक आजवर जगला कशावर, ते काढा.”

ही सूचना मला पटली, कारण ती वहिवाटीस धरून होती. जमिनीचा कब्जा कोणाचा हे ठरवावयाचे असले म्हणजे आम्हीही मालकाच्या सांगण्यावर जात नाही. पीक कोणी खाल्ले हे पाहतो. तेव्हा बुलढाणे जिल्ह्यातील साहित्याचे पीक कोणाच्या पाण्यावर वाढले, याची चौकशी मी सुरू केली आणि तिचा निष्कर्ष इतका सरळ निघाला की, तो माझ्यापूर्वी कोणाच्या ध्यानात कसा आला नाही याचेच मला नवल वाटले.

मराठी विनोदी लेखाचे आद्य प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे याच जिल्ह्यातील जळगाव-जामोद येथे वकिली करीत असत. त्यांचा पहिला विनोदी लेख ‘साक्षीदार’ हा 1902 साली ‘विविधज्ञानविस्तारा’त आला, वकिलाने विनोदाचा आरंभ साक्षीदारापासून करावा, हे रास्तच म्हणावयाचे. पुढे अठरा लेख जमले तेव्हा त्यांचे पुस्तक 1910 साली ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ या नावाने निघाले, आणि 1923 मध्ये ‘सुदाम्याचे पोहे’ या संग्रहात त्यांची संख्या बत्तीस झाली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने महाराष्ट्राला हसविले, राम गणेश गडकऱ्यांसारखा शिष्य कोल्हटकरांनी घडविला, हे सर्व वाङ्मयाच्या इतिहासात नमूद आहे. नमूद नाही ते हे की, या साऱ्या हास्याचा खर्च कोणी सोसला. तो संपादकांनी सोसला असेल असे मला वाटत नाही. महसूल खात्यातील अनुभवावरून मी खात्रीपूर्वक सांगू शकतो की, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या काळ्याभोर कपाशीच्या जमिनीत, वीतभर बांध आपल्या बाजूस सरकला की दुसऱ्याच्या, एवढ्याच मुद्द्यावर दोन सख्खे भाऊ दोन पिढ्या भांडू शकतात; आणि असे भाऊ भांडतात तेव्हा दोघांनाही वकील लागतो. जामोद परगण्यातील शेतकरी समजूतदार असते, तर मराठीत विनोदी वाङ्मय इतक्या लवकर निर्माण झाले नसते, या निर्णयापर्यंत येण्यास मला कोणतीही अडचण दिसत नाही.

जाता जाता एक योगायोग सांगून टाकतो. याच जळगाव-जामोद तालुक्यात भेंडवळ म्हणून गाव आहे. तेथे अक्षय्यतृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडून त्याच्या भोवती अठरा धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी कोणता दाणा हलला, कोणता जागीच राहिला, यावरून साऱ्या वर्षाच्या पिकांचे भाकीत सांगतात. पापड, कुरडई यांचीही मांडणी असते, आणि विड्याच्या पानावर सुपारी ठेवलेली असते; ती सुपारी जागची हलते की नाही यावरून राजाची गादी टिकते की जाते तेही समजते. एका वर्षी मीही पहाटे तेथे जाऊन उभा राहिलो होतो. ज्वारी, तूर, कपाशी यांचा निकाल ऐकला, पाऊस कोणत्या महिन्यात किती ते ऐकले, राजा कायम राहणार हेही ऐकले. दिवाळी अंकाविषयी काही ऐकावे म्हणून पुढे सरकलो, तोच शेजारच्या एका शेतकऱ्याने विचारले, “सायब, तुमचं वावर कुठी हाय?” मी लेखक आहे असे सांगितले. “मंग तुमाले पान्याची काय चिंता?” असे म्हणून त्याने मला मागे सारले.

कोल्हटकरांकडून पुढे यावे तर मेहकरला ना. घ. देशपांडे. त्यांची ‘शीळ’ महाराष्ट्रभर घुमली, जी. एन. जोशी यांच्या आवाजात तिची तबकडी निघाली, त्याच नावाचा संग्रह 1954 मध्ये आला, आणि ‘खूणगाठी’ला 1986 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि हे कविराज मेहकरला करीत काय असत, तर वकिली! रानावनातील इतकी कोवळी शीळ ज्याने ऐकली, त्याने दिवसभर दावे, दरखास्ती आणि कैफियती ऐकलेल्या असत. पुढे आपल्या काळात ‘बारोमास’ लिहून 2004 चा अकादमी पुरस्कार या जिल्ह्यात आणणारे सदानंद देशमुख हे अध्यापनाच्या पेशातले. तात्पर्य, आमच्या जिल्ह्यात लेखकाला दोनच घटकांनी पोसले आहे: एक अशील आणि दुसरे विद्यार्थी. दोघेही अगतिक होऊन आलेले असतात, आणि दोघांनाही आपण साहित्याला आश्रय देत आहोत याची वार्ता नसते.

या नियमाला एकच थोर अपवाद दिसतो, आणि तो थेट आमच्या कचेरीच्या अंगणातला आहे. 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून साऱ्या पुरुषवर्गाची उलटतपासणी घेणाऱ्या ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या; वडील बापूजी हरी शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. बाई कोणा मासिकाच्या दारी गेल्या नाहीत. पुस्तक पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले, किंमत नऊ आणे ठेवली. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. इतरांनी जे म्हटले ते असे होते की, बाईंनी पुन्हा पुस्तक म्हणून लिहिले नाही. पुढे 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुनः प्रकाशात आणीपर्यंत साहित्याच्या दप्तरखान्यात ते गहाळ होते. हेडक्लार्काच्या घरात लेखणी कशी चालते याचे हे उदाहरण मी आमच्या कचेरीतील नव्या मंडळींना नेहमी सांगत असे. ते ऐकून घेत आणि मोबाइलकडे पाहत.

कायद्यात काही आधार सापडतो का, हेही मी पाहून घेतले. ‘विविधज्ञानविस्तार’ निघाला त्याच 1867 साली छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांविषयीचा कायदाही झाला. त्यात छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारात विनामूल्य दाखल करण्याची तरतूद होती. म्हणजे फुकट प्रतीची थोर परंपरा आपल्याकडे सरकारनेच घालून दिली, संपादकांनी फक्त तिचा प्रवाह लेखकाकडे वळविला. 1957 च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हक्काचे रक्षण त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत होते. ही मुदत मला फार दिलासा देणारी वाटली. जिवंतपणी तगादा लावण्यात जो कमीपणा वाटतो तो मृत्यूनंतर वाटत नाही, आणि साठ वर्षांत एखादा संपादक तरी द्रवेल.

आता मला मानधन कधी मिळालेच नाही, असे मात्र नाही. एका नियतकालिकाने माझा लेख छापून तीनशे रुपये मंजूर केले. मंजुरीच्या पत्रासोबत एक नमुना आला. त्यात पॅन क्रमांक, बँकेचे नाव, शाखा, आयएफएससी संकेतांक, रद्द केलेला धनादेश, लेख मीच लिहिल्याबद्दलचे स्वयंघोषणापत्र, आणि महसुली तिकीट लावून सही केलेली आगाऊ पावती, एवढ्या गोष्टी मागितल्या होत्या. वस्तुतः पाच हजारांवरील रकमेच्या पावतीलाच हे एक रुपयाचे तिकीट लागते, हे महसूल खात्यातील माणसाला कोणी सांगावयास नको. परंतु ज्या संस्थेला माझी रक्कम पाच हजारांच्या तोलाची वाटली तिला खाली खेचणे मला प्रशस्त वाटेना. रद्द केलेल्या धनादेशासाठी नवे धनादेश-पुस्तक काढावे लागले. कागदपत्रे स्पीड पोस्टाने रवाना केली. ती पोहोचल्याची पोच आली, आणि मग जी शांतता पसरली ती लोणारच्या विवराच्या तळाशीही नसेल.

वसुलीचे शास्त्र मला अवगत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये आधी मागणीची नोटीस काढावी, मग थकबाकीदाराची जंगम मालमत्ता जप्त करावी, हा क्रम मी असंख्य प्रकरणांत चालविलेला आहे, आणि कित्येक संस्थांची येणी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. लेखकांच्या मानधनाचा त्यात समावेश का करू नये, असा एक मसुदाही मी तयार केला. तो हातात घेऊन मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी पूर्ण वाचला आणि विचारले, “समजा, जप्तीचा हुकूम मिळाला. संपादकाच्या कार्यालयात जंगम मालमत्ता काय सापडेल?” मी विचार केला. टेबल भाड्याचे असणार, संगणक पुतण्याचा. बाकी उरतात ते न खपलेल्या अंकांचे गठ्ठे. म्हणजे पंचनामा करून, पोलीस बंदोबस्त घेऊन मी जे घरी आणले असते, ते संपादकांनी मला सप्रेम भेट म्हणून आधीच देऊ केले होते. मसुदा तेथेच बरखास्त झाला.

गद्याला रोख भाव देणारा आश्रयदाता मला अखेर भेटला तो अगदी निराळ्या पेठेत. मुख्य रस्त्यावरील एका छापखान्यात लग्नपत्रिका, तेरवीची पत्रे आणि सेवानिवृत्तीची मानपत्रे छापतात, आणि मजकूर चांगला हवा असलेले गिऱ्हाईक मालक माझ्याकडे पाठवितात. मानपत्राला मला पाचशे रुपये मिळतात, फ्रेमचे निराळे. कर्तव्यदक्ष, अजातशत्रू, ऋजुस्वभावी अशा शब्दांना तेथे अजूनही मागणी आहे, आणि समास जितका लांब तितके गिऱ्हाईक खूश. ‘साभार परत’ हा प्रकार त्या व्यवसायात माहीत नाही. मागच्या मोसमात तर एक सत्कार समितीच माझ्याकडे आली. पंचाहत्तरी गाठलेल्या एका ज्येष्ठ संपादकांचा गौरव करावयाचा होता. नाव वाचले आणि मी चष्मा पुसला. माझे तीनशे रुपये ज्यांच्याकडे अडकले होते, तेच ते गृहस्थ.

“नवोदित लेखकांना त्यांनी दिलेला उदार आश्रय, हा मुद्दा ठळक यावा,” समितीचे चिटणीस म्हणाले.

मी दर दुप्पट सांगितला. तो त्यांनी तत्काळ मान्य केला, अर्धी रक्कम विसार म्हणून टेबलावर ठेवली, आणि मीही प्रामाणिकपणे त्या औदार्यावर एक संपूर्ण परिच्छेद खर्ची घातला. समारंभ थाटात झाला. पुढच्या महिन्यात त्या नियतकालिकाचा अंक टपालाने आला; पहिल्याच पानावर माझे मानपत्र अक्षरशः छापलेले होते, खाली नाव नव्हते, आणि अंकाला ‘लेखकास सप्रेम’ अशी चिठ्ठी टाचलेली होती. या प्रकाशनाबद्दल स्वतंत्र मानधनाची मागणी करता येते किंवा कसे, हा मुद्दा मी मिसलीत नमूद करून ठेवला असून, सौभाग्यवतींचा अभिप्राय येणे आहे.